दक्षिणेचे पाखे

वाचकहो, मेस्किट रिज नावाच्या वाळवंटातील वृद्धांच्या वसाहतीत एका घराच्या छपरावर सोलर पॅनेल कोणत्या बाजूस बसवावीत, या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नातून एका स्वाभिमानी स्त्रीचा अपमान कसा घडला, तो कोणाकोणाच्या हातून घडला, आणि तिने त्याचे उट्टे कसे काढले, याची हकिकत येथे क्रमाने निवेदन करण्यात येत आहे. या हकिकतीत संताप पुष्कळ आहे. तो जसा होता तसाच ठेवला आहे.

मर्ल ऑस्टगार्ड हा मूळचा मिनेसोटाचा. उभा जन्म त्याने बर्फातून दुधाचे टँकर हाकण्यात घालवला. सत्तरी ओलांडल्यावर तेथील घर विकून तो आणि त्याची पत्नी आयडेला ॲरिझोनातील या वसाहतीत कायमचे राहावयास आले. 'कायमचे' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वसाहतीतील निम्म्याहून अधिक मंडळी केवळ हिवाळ्यापुरती असत. एप्रिल सरत आला की ती आपापल्या थंड मुलुखातील दुसऱ्या घरी निघून जात, आणि वाळवंटाची भट्टी पेटे तेव्हा मागे उरत ते दुसरे घर नसलेले लोक. मात्र वसाहतीचे नियम करणारी बाह्यरूप समिती सर्वस्वी जाणाऱ्यांची होती. अंगणातील खडीचा रंग कोणता असावा, कचऱ्याचा डबा कोणत्या भिंतीआड लपवावा, हे सारे तीच ठरवी. जुलै महिन्यात येथे काय होते, ते तिच्यातील एकानेही डोळ्यांनी पाहिले नव्हते.

आयडेलास मज्जातंतूंचा एक असाध्य विकार जडला होता. हवा थंड असली की ती चारचौघींसारखी हिंडेफिरे. उष्मा अंगास लागला की तिचे पाय तिचे ऐकेनासे होत. ही गोष्ट तिने वसाहतीत कोणासही कळू दिली नव्हती. लोकांना ती गुडघा सांगे. कारण तिने मॅक्सीनचे काय झाले ते पाहिले होते. मॅक्सीनचे हात थरथरू लागले, तेव्हा मंगळवारच्या पत्त्यांच्या टेबलावरील मैत्रिणींनी तिला मोठ्या प्रेमाने घरी बसवले. इतक्या प्रेमाने, की थोड्याच दिवसांत ती कोणाच्या बोलण्यातही येईनाशी झाली.

"मला तसं प्रेम नको," आयडेलाने मर्लला बजावले होते. "मी मेले की सांग सगळ्यांना काय सांगायचं ते. तोवर गुडघा म्हणजे गुडघा."

गेल्या ऑगस्टमध्ये धुळीचे वादळ आले आणि ऐन दुपारी वीज गेली. एसी बंद पडला. घर तव्यासारखे तापले. मर्लने आयडेलास न्हाणीघरातील टबात गार पाण्यात बसवले, फ्रिजमधील होता नव्हता तेवढा बर्फ त्यात ओतला, आणि पुठ्ठ्याने वारा घालत तो गुडघ्यांवर बसून राहिला. वीज परतली तेव्हा तिला हातात चमचाही धरवत नव्हता. पुढे डॉक्टर म्हणाले, पुन्हा असे झाले तर पाय परत येतीलच याची हमी नाही.

म्हणून मर्लने ठरवले की पुढील वादळांच्या आत छपरावर सोलर आणि गराजमध्ये बॅटरी बसवायचीच. गावात वीज असो वा नसो, आयडेलाच्या खोलीतील गारवा थांबता कामा नये.

रेनाल्डो ओचोआ नावाचा सोलरवाला मापे घेण्यास आला. शिडीवरून उतरून त्याने टोपीने मान पुसली.

"साहेब, तुमच्या छपराचं दक्षिणेकडचं पाखं, हा उतार, म्हणजे सोनं आहे. दिवसभर ऊन. सावली पाडायला एक झाडसुद्धा नाही."

"आणि समितीने उत्तरेच्या उतारावर लावा म्हटलं तर?"

"लावू की!" ओचोआ हसला. "खाली कबुतरांना चांगली सावली होईल. वीज मात्र मागू नका."

मर्लच्या प्रश्नास कारण होते. त्याच्या घराचे दक्षिणेकडील पाखे नेमके गोल्फच्या हिरवळीसमोर येत होते.

एप्रिलमधील शेवटची सभा मंगळवारी क्लबघरात भरली. क्लबघराचा मोठा दिवाणखाना मध्ये घडीची भिंत ओढून दुभागलेला असे. अलीकडे सभा, पलीकडे पत्ते. वसाहतीत बहुतेकांच्या कानांत यंत्रे असल्यामुळे येथे तीन माणसे बोलावयाची असली तरी मायक्रोफोनवर बोलत, आणि त्याचे कर्णे भिंतीच्या दोन्ही अंगांस टांगलेले होते. ही सोय इतकी जुनी होती की तिचे भान कोणासच राहिले नव्हते. पलीकडे आयडेला आपल्या टेबलावर पत्ते पिसत बसली होती.

समितीचा अध्यक्ष प्रेस्टन हार्गिस हा ओरेगॉनचा निवृत्त दंतवैद्य होता. दात उपटताना रोग्यास ज्या स्वरात धीर देतात, त्याच मऊ स्वरात तो जगातील प्रत्येक गोष्ट बोले.

"मर्ल, तुम्हाला नाही कोण म्हणतंय? लावा ना सोलर. खुशाल लावा. फक्त उत्तरेकडे लावा."

"उत्तरेकडे ऊन पडत नाही, प्रेस्टन."

"ऐका! ॲरिझोनात ऊन पडत नाही म्हणे!" समितीतील ग्वेन स्टॅनहोप म्हणाली, आणि खुर्च्यांमधून हशा उसळला.

"हसायला काय झालं? उत्तरेला लावलं तर बॅटरी भरायचीच नाही, असं सोलरवाला म्हणतो."

"तो विकणारा माणूस. तो म्हणणारच," हार्गिस म्हणाला. "आणि इकडे गोल्फच्या हिरवळीवर खेळणाऱ्यांच्या डोळ्यांवर चमक येईल त्याचं काय? लोक इथं देखाव्यासाठी राहायला आलेत."

"चमक मे महिन्यात येईल तेव्हा तुम्ही इथं असणार आहात का? कोणाच्या डोळ्यांवर येणार? सरड्यांच्या?"

मागून कोणीतरी "शाबास!" म्हणाले. हार्गिसचे हास्य तसूभरही ढळले नाही.

"नियमाला अपवाद आहे, मर्ल. घरात काही गंभीर अडचण असेल तर भरसभेत सांगायची, सभा सहानुभूतीने विचार करते. तशी काही अडचण आहे का?"

घरून निघताना आयडेलाने त्याच्याकडून गुडघ्यापलीकडे काही न बोलण्याचे वचन घेतले होते.

"नाही ना?" हार्गिस म्हणाला. "मग ऑक्टोबरमध्ये परत आल्यावर पाहू. एक उन्हाळा काय, कसाही निघतो. पंखा लावून बसायचं, लिंबूसरबत प्यायचं."

या वाक्याने मर्लच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या मनुष्याने येथील एकही उन्हाळा पाहिला नाही, तो त्याला सरबताचा सल्ला देत होता! त्याच्या डोळ्यांसमोर तो टब उभा राहिला, त्यातील विरघळता बर्फ उभा राहिला. त्याने पुढे होऊन मायक्रोफोन हिसकावला आणि त्यात तोंड घालून तो गरजला.

"अडचण हवी तुम्हाला? घ्या अडचण! माझ्या बायकोच्या नसा मरताहेत! गुडघा नाही तो, नसा! उन्हात तिचे पाय जातात, हात जातात. गेल्या वर्षी मी तिला बर्फात बुडवून जगवली. आता हसा! हस ना, ग्वेन!"

कर्णे भिंतीच्या दोन्ही बाजूंस गरजले. पलीकडील पत्त्यांचा आवाज थांबला, आणि तो थांबलेला मर्लला स्पष्ट ऐकू आला.

त्यानंतर सर्व काही फार झपाट्याने घडले. "अरेरे", "बिचारी", "आम्हाला आधी का नाही सांगितलं" असे उद्गार निघाले. हार्गिसने हळुवार स्वरात ठराव मांडला. दक्षिणेकडील पाख्यास परवानगी देण्यात येत आहे. मात्र ती अडचण असेपर्यंतच. ज्या दिवशी घरातील अडचण, म्हणजे, कोणत्याही प्रकारे, संपुष्टात येईल, त्या दिवसापासून महिन्याभरात पॅनेल उतरवावीत. सर्वांनी हात वर केले. आणि मर्लच्या तोंडून शब्द निघून गेले, "आभारी आहे."

आयडेला बाहेर गोल्फगाडीत बसलेली होती. हातात अजून पत्ते होते. ती तशीच उठून आली होती.

"आयडा, मला राग आवरला नाही. तो हलकट म्हणाला, सरबत..."

"गाडी चालव."

"परवानगी मिळाली, आयडा."

"मिळाली ना? कशावर मिळाली? माझ्या मढ्यावर! मी मेले की पॅनेल उतरवायची, हेच ना ते 'कोणत्याही प्रकारे'? मला ऐकू येतं, मर्ल. माझ्या कानात यंत्र नाही. आणि तू त्यांना आभार म्हणालास!"

"तुला जगवायचं म्हणून बोललो मी."

"कुणाला जगवायचं? तिथं पत्ते खेळत होती तिला मारलीस तू. आता उरली ती त्यांची अडचण."

त्यानंतर मर्लने तीनतीनदा क्षमा मागितली, परंतु राग उतरला नाही. आणि खरे सांगावयाचे तर तो उतरावा असे काही घडलेही नाही. दुसऱ्याच दिवशी पत्त्यांच्या टेबलावरील डॉटी लार्किन ट्यूना मासा आणि शेवयांचे भांडे घेऊन दारात आली.

"आयडा, राणी, तू मुळीच दगदग करायची नाहीस हं. मंगळवारी आम्ही जोॲनला बसवतोय तुझ्या जागी. तुला ओझं नको म्हणून."

"मला पत्त्यांचं ओझं होत नाही, डॉटी. बावन्नच असतात."

"अगं, तू किती धीराची आहेस!" डॉटीने डोळे पुसले.

"डॉटी, गेल्या मंगळवारी मी तुला सलग हरवलं. तेव्हा मी धीराची नव्हते. तेव्हा तू मला लबाड म्हणाली होतीस. मला लबाडच म्हण ना, बाई!"

परंतु डॉटीने तिला लबाड म्हटले नाही. तिने तिच्या हातावर थोपटले. दार बंद होताच आयडेलाने ते भांडे जसेच्या तसे कचऱ्यात रिकामे केले आणि मर्लकडे पाहिले. मर्लने मान खाली घातली. आपल्या रागाने आपण नेमके कोणाचे नुकसान केले, हे त्यास त्या क्षणी पुरते उमगले.

जाणाऱ्या मंडळींच्या निरोपाचा नाश्ता दर वर्षी क्लबघरात होतो. पॅनकेक असतात, संत्र्याचा रस असतो, आणि अध्यक्ष मायक्रोफोनवरून सर्वांना सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा देतो. त्या सकाळी हार्गिस उभा राहिला, तेव्हा आयडेला काठी टेकत टेबलांमधून पुढे निघाली. दोघे-तिघे आधार द्यावयास उठले. तिने काठी उगारली, ते बसले.

"द्या इकडे," ती हार्गिसला म्हणाली.

"आयडा, तुम्ही उभं राहू नका, मी खुर्ची..."

"प्रेस्टन, मायक्रोफोन द्या."

त्याने दिला.

"मी आयडेला ऑस्टगार्ड. तुमची अडचण," ती म्हणाली. "मंगळवारी तुम्ही मला एक परवानगी दिलीत. मी जगेन तोवरची. ती मी परत करतेय. मला दया म्हणून काही नको. घर आमचं आहे, छप्पर आमचं आहे, आणि ऊन कुणाच्या बापाचं नाही. सोमवारी सोलर दक्षिणेच्या पाख्यावर चढेल, आणि मी गेल्यावरही तिथंच राहील. ज्याला ते उतरवायचं असेल त्याने खुशाल उतरवावं. फक्त जुलैत यायचं. दुपारी यायचं. स्वतः छपरावर चढायचं. मी खालून बघेन, धीर देईन, हातावर थोपटेन."

कोठेतरी काटा बशीवर पडला. ग्वेन स्टॅनहोप पॅनकेककडे पाहू लागली.

"आणि डॉटी," आयडेला म्हणाली, "माझी खुर्ची माझी आहे. जोॲनला दुसरी आण."

मागील टेबलांवर, जेथे उन्हाळ्यात मागे राहणारे बसत, तेथून टाळ्यांना प्रारंभ झाला. पुढील टेबले गप्प राहिली. हार्गिस म्हणाला, "हे नियमाला धरून नाही, समितीला कारवाई करावी लागेल." आयडेलाने मायक्रोफोन त्याच्या बशीतील पॅनकेकच्या पाकात ठेवला.

गाडीत बसल्यावर मर्ल म्हणाला, "माझं चुकलं, आयडा."

"चुकलंच. पुन्हा कुणी माझ्याबद्दल विचारलं तर काय सांगशील?"

"तिलाच विचारा, म्हणेन."

"बघू," ती म्हणाली.

सोमवारी ओचोआ आणि त्याची माणसे आली, आणि पॅनेल दक्षिणेच्या पाख्यावर चढली. डॉटीने खुर्ची परत दिली, परंतु तिच्या बोलण्यातील तो ओला स्वर काही गेला नाही, आणि आयडेलानेही तिला त्याबद्दल एकदाही सोडले नाही. मग टेबल रिकामे झाले, क्लबघर रिकामे झाले, आणि उन्हाळा आला.

ऑगस्टात वादळ आले आणि वीज गेली. ऑस्टगार्डांच्या घरातील एसी क्षणभर अडखळला आणि पुन्हा घोंगावू लागला. शेजारचे मागे राहिलेले वृद्ध एकेक करून ओले टॉवेल डोक्यावर घेऊन आले आणि त्यांच्या दिवाणखान्यात बसले. अशा वेळी फोन वाजला. तो मर्लने उचलला. पलीकडे, ओरेगॉनच्या गारव्यातून, हार्गिस बोलत होता.

"मर्ल, समितीचा निर्णय आहे, दंडाची कारवाई सुरू होतेय. पण आधी माणुसकी म्हणून विचारतो, आयडेलाची तब्येत कशी आहे?"

मर्लच्या मस्तकात आग उसळली. शिव्या ओठांपर्यंत आल्या. त्याने श्वास घेतला, खोली ओलांडली, आणि फोन पत्नीच्या हातात दिला.

"तुझा आहे," तो म्हणाला.

आयडेलाने फोन कानास लावला.

"प्रेस्टन," ती म्हणाली, "शिडी भिंतीला लावून ठेवलीय. केव्हा येताय?"

आणि तिने फोन ठेवून दिला, शेजाऱ्यांना रस हवा का विचारले, आणि मर्लला म्हणाली, "उभा काय राहिलास? ग्लास आण."

येथे ही हकिकत संपते. ज्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, त्या सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. लेखनात न्यून राहिले असल्यास ते माझे. राग मात्र आयडेलाबाईंचा, आणि तो अस्सल आहे.

आपला नम्र,
सदाशिव बाळा कुडतरकर
मेस्किट रिज