बारा वर्षांची फट

दुपारपासून मी चौथ्यांदा खुर्चीतून उठले, कूलर बंद केला, पुन्हा लावला. उस्ताद फर्रुखींच्या चाळीस पानी लेखाचा इंग्रजी विस्तृत सारांश सूर्यास्ताच्या, मगरिबच्या अजानपर्यंत पाठवायचा होता आणि माझं घोडं निष्कर्षावर अडलं होतं.

लेख वाचताना सगळं छान वाटतं. सारांश मेला हाडं उघडी पाडतो. निष्कर्ष ज्या हदीसवर, म्हणजे पैगंबरांच्या वचनावर उभा, ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी मी एका ओळीत मांडली, सवयीने नावांपुढे सालं लिहिली. गुरू हिजरी १९८ मध्ये वारलेला, शिष्य २१० मध्ये जन्मलेला! एकाच नावाची दोन माणसं उस्तादांनी एकच धरली होती. आणि "आधी सालं बघा" हे मला शिकवलं ते उस्तादांनीच.

नियतकालिकाच्या कचेरीतून समानेचा फोन आला. "आतिफे, अगं किती घोळ घालशील? लेखात आहे ते लिही आणि मोकळी हो. म्हाताऱ्याचा शेवटचा लेख आहे."

"बाहेरच्या देशांतले लोक फक्त सारांशच वाचतात, त्याचं काय?"

"मग जा, सांग त्यांना. पुन्हा दारात उभं करायचे नाहीत तुला."

तीच तर भीती होती. बाबा गेल्यावर या कुम शहरात मला 'पोरी' म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. तरी डोक्यावरून चादर ओढली आणि उस्तादांच्या घरी गेले.

त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला. उस्तादांनी साखरेचा खडा दातात धरला आणि साखळी आणि सालं लिहिलेला माझा कागद वाचला. परत वाचला. चहा निवून गेला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"वर्गातही मी असंच शिकवलं?"

"हो, उस्ताद. माझ्या वहीत आहे."

"मग तेव्हा का नाही बोललीस, गाढवे?"

"तुम्ही सांगत होतात ना. म्हणून सालं बघितलीच नाहीत."

त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला. मग समानेला फोन लावून दोन वाक्यांत लेख मागे घेतला. आता मला जा म्हणतील, म्हणून मी उठू लागले.

"बस. तुमच्या वर्गात किती जणी होत्या?"

"बत्तीस."

"नंबर सांग एकेकीचा."

पहिला फोन लागला तसे ते गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले.

"फर्रुखी बोलतोय, पोरी. वही काढ. मी चुकीचं शिकवलं होतं."