रोसामेल भोंगा, यादीतला एकसष्टावा

मित्रांनो, मला सौर प्रकल्पात कायमची नोकरी लागली. पण ते तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो. आपण पहिल्यापासून सुरू करू, म्हणजे निदान अर्धी गोष्ट तरी मला मान वर करून सांगता येईल.

मी एक जुना वाफेचा भोंगा आहे. चिलीच्या उत्तर किनाऱ्यावर, पुएर्तो सालोब्रे गावात, कोळशावर वीज करणारं केंद्र होतं. त्याच्या छपरावर माझी नेमणूक झाली. तोंड पितळेचं, घसा मोठा, विचार एकच. पाळी सुरू झाली की एक लांब, सुटली की दोन आखूड. समुद्रावरून धुकं आत शिरलं की मात्र मी थांबत नसे, कारण कोळ्यांच्या होड्या माझ्या आवाजावर घरी येत.

मला वाजवायचे डॉन बेलार्मिनो ओयार्सो. डॉन म्हणजे तुमच्याकडचं 'राव'; सगळे त्यांना डॉन बेला म्हणत. हे ठेकेदाराचे माणूस. ते मला तेल देत, माझ्या तोंडातली काजळी पुसत, शेजारी बसून पावाला अवोकाडो फासून खात आणि खाता खाता मला शिव्या देत. रोसामेल हे नाव त्यांनीच ठेवलं. ते त्यांच्या सासऱ्यांचं होतं. आवाजात साम्य होतं म्हणे.

फाटकावर हजेरीवही असे. पहिल्याच महिन्यात डॉन बेलांनी गंमत म्हणून स्वतःच्या ओळीत माझं नाव लिहिलं. "कामाची वेळ झाली हे गावाला कोण सांगतं, मी की हा?" असं त्यांचं म्हणणं. पहारेकरी हसला. दुसऱ्या दिवशीही हसला. तिसऱ्या दिवसापासून कोणी हसलं नाही आणि ती रीत पडली. बावीस वर्षं त्यांच्या ओळीत मी हजर होतो. ठेकेदार पगार तोंड बघून देई, त्यामुळे नावाचं कुठे अडलं नाही.

मग केंद्र बंद करायचं ठरलं. कोळशाचा धूर वाईट, हे आम्हाला कोणी समजावायला नको होतं. सगळ्यात जास्त धूर मीच गिळला होता. कामगार संघटनेच्या चिटणीस सुनिल्दाबाई कंपनीशी बोलणी करायला बसल्या आणि तीन दिवस उठल्या नाहीत. करार झाला तो असा: एकालाही वाऱ्यावर सोडायचं नाही, प्रत्येकाला नवं शिक्षण आणि वाळवंटातल्या सौर प्रकल्पात जागा. ठेकेदाराच्या माणसांनासुद्धा. त्यांची नावं हजेरीवहीतून घ्यायची. संघटनेने कलम घातलं, की यादीतलं एकही नाव गळणार नाही. कंपनीने घातलं, की एकही वाढणार नाही. दोन्ही बाजू खूश झाल्या. खरं तर तिथेच कोणाला तरी शंका यायला हवी होती.

सहीच्या आधी सुनिल्दाबाईंनी भोजनघरात सगळी यादी मोठ्याने वाचली. खिडकी माझ्या खालीच होती. नाव घेतलं की तो माणूस 'हजर' म्हणे. शेवटचं नाव आलं रोसामेल. डॉन बेला सवयीने म्हणाले, "हजर." सगळे पोट धरून हसले. त्या हसण्यात ते स्वतःच्या नावाला कधी 'हजर' म्हणालेच नाहीत, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी यादीत होतो, या आनंदात फुगलो होतो.

पंधरा दिवसांनी पत्रं आली. माझं पत्र डॉन बेलांनी मला वाचून दाखवलं. वैद्यकीय तपासणीला उपाशीपोटी यावे, असं त्यात होतं. "ऐकलंस का रे? सकाळी वाफ घ्यायची नाही," असं म्हणून ते बराच वेळ हसले. मग स्वतःच्या पत्राची वाट बघू लागले.

आठवडाभराने सुनिल्दाबाई शिडी चढून वर आल्या.

"डॉन बेला, तुमचं नाव यादीत नाही."

"नीट बघा, बाई. एकसष्ट आहेत ना?"

"एकसष्टच आहेत."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, इतकं निरखून मला पूर्वी कोणी पाहिलं नव्हतं.

सुनिल्दाबाई कंपनीत जाऊन भांडल्या. अधिकारी फार सभ्य होते. हा भोंगा आहे हे त्यांना मान्य होतं, पण करार तो करार. एक नाव बदलायचं तर पूर्ण करार पुन्हा उघडावा लागेल, आणि उघडलाच तर ठेकेदाराच्या माणसांचं कलम पहिल्यांदा चर्चेला येईल. तुम्ही म्हणाल तर उघडते, असं सुनिल्दाबाईंनी डॉन बेलांना सांगितलं.

डॉन बेला माझं तोंड पुसत राहिले. ते आधीच पुसून झालं होतं.

"चौदा घरं आहेत त्या कलमात," ते म्हणाले. "आणि 'हजर' मीच म्हणालो होतो. नका उघडू."

मग रोसामेल म्हणून तुम्हीच जा, असा बाईंनी आग्रह धरला. ते तपासणीला गेलेही. नर्सने ओळखपत्र मागितलं. डॉन बेला उपाशीपोटीच परत आले.

मला मात्र क्रेनने उतरवलं, ट्रकमधून वाळवंटात नेलं आणि एका खांबाला बोल्टने आवळलं. माझं शिक्षण पूर्ण झाल्याचं गृहीत धरलं. इथे वाफ नाही, पाळी नाही, धुकं तर नाहीच. जुने सोबती काचा पुसायला जाताना मला नमस्कार करतात आणि खाली बघतात. वर्षाच्या शेवटी माझ्या कामाचा शेरा येतो: 'स्वभाव शांत. तक्रार नाही.'

सुनिल्दाबाई सांगत होत्या, धुकं आलं की डॉन बेला धक्क्यावर उभे राहून गॅसच्या रिकाम्या टाकीवर पाना आपटतात. होड्या येतात. त्या कामाची हजेरी कुठल्याही वहीत नाही.

मित्रांनो, गंमत जरूर करा, पण आपल्या ओळीत आधी आपलं नाव लिहा. आणि यादी वाचणाऱ्यांनो, 'हजर' ऐकलं की मान वर करून बघा, कोण म्हणालं ते.

आता कार्मिक विभागास नम्र विनंती. मी, रोसामेल, अनुक्रमांक एकसष्ट, स्वखुशीने सेवानिवृत्त होऊ इच्छितो. माझी जागा श्री. बेलार्मिनो ओयार्सो यांना द्यावी आणि मला धक्क्यावर, धुक्याच्या कामी, विनावेतन पाठवावे. माझी सही आजवर तेच करत आले असून त्यांना फाटकाच्या आत प्रवेश नाही. सबब, सहीअभावी हा अर्ज अपूर्ण समजू नये.