घाटात अडकणारा कॉम्प्युटर

"गेला! पुन्हा गेला!" सासऱ्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली, आणि सूनबाई पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

पडद्यावर लाल बस घाटाच्या वळणावर तिरकी उभी होती. समोर रस्ता ओलांडणारी मेंढरं, त्यातलं एक पाय उचललेलं ते तसंच थिजलेलं. स्पीकरमधून हॉर्न एका सुरात केकाटत होता. माउस हलेना, कीबोर्ड ऐकेना. बटण दाबून धरलं तेव्हा कुठे तो आवाज बंद झाला.

"हे यंत्र माझ्यावरच गेलंय," सासरे म्हणाले. "ऐन घाटात बंद पडतं."

हे ते हसत म्हणाले असते तर काही वाटलं नसतं. पण ते हसले नाहीत.

सासरे जन्मभर बस चालवत आलेले. निवृत्ती तोंडावर आली आणि पक्षाघाताचा झटका आला. बोलणं वाचलं, हातही हळूहळू परत आला, पण उजवा पाय काही आला नाही. त्यांना खुर्चीत बसवलं की सासूबाई तो पाय दोन्ही हातांनी उचलून जागेवर ठेवायच्या, आणि ठेवला तिथे तो असायचा. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणायची, "पाय मेलेला नाही, विसरलाय. त्याला आठवायला हवं." सासरे तिचं सगळं ऐकून घ्यायचे आणि ती गेली की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. पुढे पुढे तर ती यायच्या आधीच झोपायला लागले.

तेव्हा सूनबाईनं कंबर कसली. लग्नाआधीपासून तिला कॉम्प्युटर उघडायचा नाद. तिनं सुटे भाग जमवून एक यंत्र उभं केलं, टेबलाला स्टिअरिंगचं चाक आवळलं आणि बस चालवायचा खेळ घातला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चाकामागच्या पट्ट्यांवर, बोटांनी दाबायचे. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी नाक मुरडलं, "ही कसली गाडी? डिझेलचा वास तरी येतो का?" दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी दाढी करून, भांग पाडून खुर्चीत बसवायची वाट बघतेय! सासूबाईंनी तर दाराआड जाऊन डोळे पुसले होते.

आणि आता हे अडकणं. गेले काही दिवस रोज, हमखास.

"सूनबाई, संध्याकाळी एकदा शेवटचं बसतो," सासरे म्हणाले. "आजही अडकला तर हे गुंडाळून ठेव. मला नाही बघवत रोज रोज." आणि पलंगावर नेल्यावर त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळपर्यंत! सूनबाईनं हात धुतले, पदर खोचला आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. नवरा कामासाठी परगावी, म्हणजे मदतीला उरला धाकटा दीर. हा एक उंटावरून शेळ्या हाकणारा. सोफ्यावर लोळत लोळत म्हणाला, "वहिनी, तापत असणार. लिहून देतो."

टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा तिनं ओढून खोलीच्या मधोमध आणला, बाजूचा पत्रा काढला. पंख्यांतली धूळ ब्रशनं झाडली, प्रोसेसरचं तापमान बघितलं. थंडगार! तापायचं नावच नाही.

"मग ड्रायव्हर जुना झाला असेल," दीर म्हणाला. "नवीन टाक."

"ड्रायव्हर जुनाच बरा होता म्हणावं," पलंगावरून आवाज आला.

सूनबाईनं चमकून मागे बघितलं. सासरे अजून भिंतीकडेच तोंड करून होते, पण जागे होते आणि ऐकत होते! तिला एकदम हुरूप आला. तिनं ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर टाकला. मेमरीच्या दोन पट्ट्या काढून एकेक करून लावल्या. दिराच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उसना आणून जोडला, तेव्हा मात्र दीर ताडकन उठून बसला, "वहिनी, माझ्या कॉम्प्युटरला काही झालं तर बघ हं!" मग यंत्राला दमवणारी चाचणी लावली. पंखे भणाणले, डबा घुमायला लागला, सासूबाई दोनदा डोकावून गेल्या. अडकायचं लक्षण नाही.

"माणूस डॉक्टरच्या दारात गेला की ताप उतरतो ना, तसं आहे याचं," सासूबाई म्हणाल्या.

मग सूनबाईनं स्वतः तोच घाट चढवला. सुरळीत. दीर बसला, खुर्चीवर मांडी घालून. त्यानं पहिल्याच वळणावर बस दरीत घातली, दुसऱ्यांदा चहाच्या टपरीत. कॉम्प्युटर मजेत चालू!

"याचा अर्थ सरळ आहे," दीर हळूच म्हणाला. "बाबाच काहीतरी भलतं दाबतायत."

"चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका, भाऊजी!" सूनबाई अशी काही कडाडली की ती स्वतःच दचकली. सासऱ्यांच्या पाठीकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. ते ऐकत होते, हे तिला माहीत होतं.

संध्याकाळ झाली. तिनं पत्रा न लावताच डबा ओढून पुन्हा टेबलाखाली सरकवला. काही दिवसांपूर्वी तो तिथे गेला होता सासूबाईंच्या सांगण्यावरून, टेबलावर असला की चाक फिरवताना यांचं कोपर लागतं म्हणून. सासऱ्यांना खुर्चीत बसवलं, सासूबाईंनी पाय उचलून जागेवर ठेवला. सगळं नेहमीसारखं. आणि नेमकं तेच सूनबाईच्या डोक्यात घुमत होतं. यंत्र तेच, घाट तोच, आणि अडकतं फक्त यांच्याच हाती. का? ते चालवत असतानाच आत काय होतं, हे तर आपण एकदाही बघितलेलं नाही!

तिनं टॉर्च घेतला आणि सरळ टेबलाखाली शिरली.

"अगं बाई, हे काय आता?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही बसा बाबांशेजारी. बाबा, काढा गाडी!"

वर इंजिन घुरघुरलं. टॉर्चच्या उजेडात सगळे पंखे फिरत होते, पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डावरचा दिवा हिरवा होता. ती श्वास रोखून त्या दिव्याकडे बघत राहिली. वर मात्र नुसता गोंधळ. दीर न विचारता कंडक्टर झाला होता, "बाबा, डावीकडे घ्या, ट्रक येतोय!" सासूबाई तिकीट काढून बसल्यासारख्या ओरडत होत्या, "अहो हळू! हळू म्हणते ना!" आणि सासरे दोघांवर खेकसत होते, "गाडी कोण चालवतंय? गप्प बसा दोघं!" त्यांचा तो चढलेला आवाज ऐकून सूनबाईला खाली पडल्या पडल्या हसू फुटलं. किती दिवसांनी घर असं दणाणत होतं!

"अरे, अरे, ओव्हरटेक करतोय गाढव! वळणावर? ए—!"

ठक्!

डबा हादरला. कार्ड खाचेत एवढंसं उचललं गेलं, हिरवा दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला, आणि वर हॉर्न केकाटायला लागला.

"सापडलं!" सूनबाई उठायला गेली ती टेबलावर दाणकन डोकं आपटलं, पण लागलंय कुणाला! "सापडलं, सापडलं! कार्ड सैल आहे! धक्का बसला की निसटतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा, अहो! मी डबा बाहेर काढून तपासत होते, मग धक्का बसणार कुठून? बाबांचा पाय लागतोय त्याला, पाय!"

वर हॉर्न तेवढा ओरडत होता.

"कुठला गं?" सासूबाईंनी विचारलं.

सूनबाईनं टॉर्च वळवला. डावा पाय खुर्चीखाली मागे घेतलेला होता, स्लिपरसकट. आणि दुसरा पाय, राखाडी मोजा घातलेला, सासूबाईंनी ठेवला होता तिथे नव्हता. वीतभर पुढे येऊन त्याचा चवडा डब्याच्या समोरच्या पत्र्याला टेकला होता.

"उजवा," ती म्हणाली.

दिरानं वाकून बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "धक्क्यानं सरकला असेल," तो पुटपुटला. "उगाच आशा नको लावू, वहिनी."

सासऱ्यांनी चाकावरचे हात काढले. मान वाकवून ते त्या पायाकडे बघायला लागले, अनोळखी माणसाकडे बघावं तसे. "हल," ते म्हणाले. काही नाही. "हल की रे!" कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठल्या, खुर्ची करकरली. पाय ढिम्म. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले, आणि सूनबाईला वाटलं, आता हे म्हणणार, मला पलंगावर न्या.

"बाबा, खाली बघू नका!" ती टेबलाखालूनच ओरडली. "आयुष्यात कधी पायाकडे बघून ब्रेक मारलात का?"

सासऱ्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "पायाकडे बघणारा ड्रायव्हर मी गाडीतून खाली उतरवला असता."

"मग रस्ता बघा. मी यंत्र बंद करून कार्ड बसवते."

"स्क्रूही आवळ, वहिनी," दीर म्हणाला. "नाहीतर पुन्हा अडकेल."

"खबरदार त्या स्क्रूला हात लावलास तर!" सासूबाई गरजल्या. "सैल आहे तो सैलच राहू दे!" आणि गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर कधी न बसणारी ती बाई हात टेकत, कण्हत, सुनेशेजारी टेबलाखाली शिरली. पाय उचलून तिनं पुन्हा मागे, होता तिथे ठेवला. मग दोघींनी गाल जमिनीला टेकले आणि त्या राखाडी मोज्याकडे टक लावून पडून राहिल्या.

इंजिन घुरघुरलं. वळण आलं, गेलं. चढण आली, गेली. एरवी पावलापावलावर आडवी येणारी मेंढरं आज मेली कुठे गेली होती कोण जाणे! "एखादा ट्रक तरी येऊ दे," सासूबाई पुटपुटल्या. सूनबाईनं सासूबाईंचा हात धरला होता, की सासूबाईंनी तिचा, ते दोघींनाही कळलं नाही.

"पूल आला," सासरे स्वतःशीच म्हणाले. "आता उतार. गाडी दाबात ठेवायची. अशी... अशी... अरे, सायकलवाला! ए बाबा, बाजूला—!"

मोजा हलला. आधी टाच उचलली गेली, मग सगळा पाय पुढे आला आणि पत्र्यावर बसला. ठक्!

"मारला!" सासूबाई किंचाळल्या. "ब्रेक मारला! मी बघितला! माझ्या डोळ्यांनी बघितला!"

हॉर्न बेसूर केकाटत होता, पडदा थिजला होता, सायकलवाला बसच्या तोंडाशी अधांतरी अडकला होता. दीर खुर्चीच्या पाठीला धरून हसत होता की रडत होता, काही समजत नव्हतं.

"अडकला का गं?" वरून सासऱ्यांनी विचारलं.

"अडकला, बाबा!" सूनबाई म्हणाली. "काय झकास अडकलाय!"

मग सासऱ्यांनी घसा खाकरला.

"मग खाली लोळताय काय दोघी? चालू कर. प्रवासी खोळंबलेत."