झेंडू संपल्यावर

मखमलाबादला सरूबाईंच्या शेतातला झेंडू फोटोग्राफर उज्वलाने दसऱ्याआधी पाहिला होता. नुसता केशरी रंग. लग्नाआधीच्या फोटोंसाठी अमोल आणि ज्योत्स्नाला तिने हीच जागा सुचवली. पण अमोलला सुट्टी मिळेपर्यंत दिवाळी होऊन गेली. तिघं शेतावर येऊन गाडीतून उतरली. झाडं वाळली होती, फुलं काळपट पडून माना टाकून होती.

"हे काय? इथे कोण फोटो काढतं?" अमोल म्हणाला.

"थांबा, दुसरी जागा बघते." ती बांधावर येरझारा घालत फोन लावू लागली. कुणी उचलेना.

तेवढ्यात सरूबाई आल्या. "ताई, काय काढायचं ते बिगीनं काढा. ट्रॅक्टर निघालाय, आज रान मोकळं करायचं हाय."

उज्वलाला काही सुचेना. हाताला चाळा हवा म्हणून तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तिथेच थबकली. मुडपलेल्या पाकळ्यांच्या कडांना अजून तांबूस रंग होता. वाळक्या देठांमधून ऊन आरपार येत होतं. ती फोटो काढत सुटली. फोन करायचे राहूनच गेले.

ज्योत्स्ना मागून येऊन स्क्रीनमध्ये डोकावली. "हे याच शेतातलं?"

"हो."

"मग माझाही काढा ना." लेहेंगा उचलून ती सरळ सरीत शिरली.

"ज्योत्स्ना, गाडीत बस. लोक हसतील," अमोल ओरडला.

"हसू देत."

ट्रॅक्टर बांधावर येऊन घरघरू लागला. चार-दोन फोटो निघाले असतील, तोवर पहिली सरी आडवी झाली.

बाकीचे फोटो संध्याकाळी धरणावर काढले. अमोलने अल्बमसाठी तेच निवडले. पुढच्या आठवड्यात ज्योत्स्ना एकटीच स्टुडिओत आली. "त्या शेतातला एक मोठा करून द्या."

"अमोलना आवडेल?"

"नाही. पण मला घरात लावायचाय." दुसऱ्या दिवशी ती येऊन फोटो घेऊन गेली.

त्यानंतर उज्वलाला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून ती मळ्यामळ्यांतून हिंडायची. गुलाबाचे ताटवे टवटवीत दिसले की पुढे निघायची. शेवटी तिने सरूबाईंना फोन लावला.

"मावशी, तुमची शेवंती कधी?"

"आत्ताच तर फुललीय, ताई. या की उद्या."

"फुलते कधी ते नाही विचारत, मावशी. संपते कधी?"

सरूबाई हसल्या. "कळवते. ट्रॅक्टरवाल्याच्या आधी तुम्हालाच फोन करते."