कोपऱ्यातलं पिल्लू

व्यासराजांनी कोमट पेजेची सिरिंज पिल्लाच्या चोचीशी नेली, तशी पिल्लानं मान फिरवली. त्याच्या गळ्याखालची पिशवी कालपासून तशीच टम्म होती. डोळे अर्धे मिटलेले, अंग फुगवलेलं.

"घे रे राजा. एक घोट घे."

"अहो, पुरे," तुंगाबाई म्हणाल्या. "नको त्याला. सुम्ने, उगाच कशाला छळायचं?"

व्यासराजांनी सिरिंज खाली ठेवली. पिल्लाला पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि तसेच बसून राहिले. ऊन अंगणात उतरेपर्यंत मांडीवरची धुगधुग थांबली होती.

पोपटाचा बेत तुंगाबाईंचा. म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या त्या घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. व्यासराजांचा धाकटा भाऊ सुधींद्र पलीकडच्या गल्लीत राहायचा. रोज सकाळी कॉफीला यायचा आणि दोघे मराठीत असा काही वाद घालायचे, की शेजारच्यांना वाटावं, वाटणी चालली आहे. वर्षापूर्वी सुधींद्र हॉस्पिटलात वारला आणि व्यासराजांचं तोंडच मिटलं. विचारलं तर 'हूं', नाही विचारलं तर तेही नाही. बोलका पक्षी आणला तर त्याला शिकवायच्या निमित्तानं तरी हे बोलतील, असं तुंगाबाईंना वाटलं. "मला सोबत होईल," असं मात्र त्यांनी सांगितलं. खरं कारण ऐकून ते जागचे हलले नसते.

आधी दोघे सहनाकडे गेले होते. ती कॉलेजात शिकवते आणि हुणसूर रस्त्याला घरामागे परदेशी जातीचे पोपट वाढवते. रानातले आपले पोपट पाळायला बंदी आहे, हे तिनं आधीच सांगून टाकलं. मग तिचे प्रश्न सुरू झाले, सगळे कानडीत. घरात मांजर आहे का? गावाला जाता तेव्हा कोण बघणार? आजारी पडला तर कुठे न्याल? तिनं एक पिल्लू तुंगाबाईंच्या तळहातावर ठेवलं.

"ही गळ्याखालची पिशवी बघा, आंटी. सकाळपर्यंत रिकामी व्हायलाच हवी. आणि अंग फुगवून कोपऱ्यात बसलेलं पिल्लू कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका."

"मग हे देताय ना?" व्यासराजांनी विचारलं.

"स्वतःच्या चोचीनं खायला लागल्याशिवाय मी देत नाही, अंकल. वेळ झाली की फोन करीन."

जन्मभर बँकेत लोकांना थांबवून ठेवलेल्या माणसाला हे झोंबलं.

"पोपट घ्यायला आलो की मुलगी मागायला?" गाडीत बसताना ते कुरकुरले. कित्येक महिन्यांत एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. तुंगाबाईंना रागावताही येईना.

दुसरं दुकान बाजारातलं. आत पाऊल टाकता टाकता व्यासराज म्हणाले, "गर्दी आहे, चल जाऊ." गल्ल्यावरचे खंडोजीराव एकदम उभे राहिले.

"मराठी की काय तुम्ही? अय्यो, मग घरचेच झालात! बसा, बसा. कॉफी सांगतो."

व्यासराजांची कळी खुलली. बसले ते उठेचनात. कुठली माणसं, कुणाचे कोण, म्हैसूर पूर्वी कसं होतं, सगळं झालं. मग सुधींद्रचं निघालं.

"शेवटच्या दिवशी मला म्हणतो, दादा, घरची कॉफी आणतोस का..." व्यासराज सांगत होते, इतक्यात माशांचं खाणं मागायला गिऱ्हाईक आलं आणि खंडोजीराव उठले. परतले ते कोपऱ्यातलं एक पिल्लू हातात घेऊनच.

"हे घेऊन जा. तुम्हाला म्हणून देतो."

"आपला माणूस आहे," व्यासराज बायकोला म्हणाले. "हा फसवायचा नाही."

घरी आणल्यावर पिल्लू खाईना, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बघताच सांगितलं की हे दुखणं आधीपासूनचं आहे. व्यासराजांनी दुकानात फोन केला. "पिल्लांचं असंच असतं, सार," असं खंडोजीराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. हे ते कानडीत म्हणाले होते.

आता कढीलिंबाच्या बुंध्याशी व्यासराजांनी खुरप्यानं माती उकरली, पंच्यासकट पिल्लू आत ठेवलं आणि माती लोटली.

"माझी पारख चुकली, तुंगा. मराठी कानावर पडलं आणि मी पाघळलो. जीव गेला त्याचा."

तुंगाबाई पायरीवर बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत.

"तुमचं एकट्याचं नाही चुकलं. मला दिसलं होतं."

"काय?"

"कोपऱ्यात बसलं होतं. अंग फुगवून. पिशवी भरलेली. सहनानं दाखवलं होतं ना, सगळं तसंच. तुम्ही बोलत होता तेव्हा मी पिंजऱ्यापाशीच उभी होते."

व्यासराजांच्या हातात खुरपं तसंच राहिलं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही उठला असता."

त्यांना समजलं नाही. तुंगाबाईंनी पदराचं टोक सोडून दिलं.

"वर्षभर भावजींचं नाव तोंडातून निघालं नाही तुमच्या. मी विचारलं, तरी नाही. तिथं त्या माणसाला सांगत होता, म्हणून मला ऐकायला मिळालं. आता उठतील, आता गप्प होतील, असं वाटत होतं. पिल्लाकडे बघितलं आणि सरळ मान फिरवली मी. पाप केलं."

व्यासराजांनी खुरपं खाली ठेवलं. हाताची माती झाडली, पण ती पुरती गेली नाही. तसेच ते येऊन पायरीवर टेकले. तुंगाबाई जरा सरकल्या.

"भावजींनी कॉफी मागितली," तुंगाबाई हळूच म्हणाल्या. "मग?"

व्यासराज कढीलिंबाकडे बघत राहिले.

"दिली नाही," ते म्हणाले. "डॉक्टर नको म्हणाले होते."