एनॉकची पेटी आणि खिळे ठोकलेलं दार

मी एक जुनी, अंडी उबवायची पेटी आहे. जरा लांबच उभे राहा. तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, एरवी मला मित्रबित्र कोणी नाहीत. जो येतो त्याला माझं झाकण उचलून आत डोकावायचं असतं, आणि झाकण उचलणाऱ्यांशी माझं जन्मात पटलेलं नाही.

मूंटा गावाबाहेरच्या याच पत्र्याच्या शेडमध्ये मी जन्मले. एनॉक पेंगेलीने बायकोला न विचारता तिचं कपाट मोडलं आणि त्याच्या फळ्यांतून मला उभं केलं. बायको आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. म्हणजे बघा, मी आले तीच भांडण घेऊन. मला दुहेरी भिंती आहेत आणि त्यांच्या मधे लाकडाचा भुसा ठासून भरलाय. आत एक तापणारी तार, पाण्याची एक वाटी, उष्णता मोजायला पाऱ्याची नळी, आणि वर काच बसवलेलं झाकण. झाकणाच्या कडेला एनॉकने सुताराच्या पेन्सिलीने लिहून ठेवलं : ‘अठराव्या दिवसानंतर उघडू नये.’

हे उगाच लिहिलेलं नाही. शेवटचे तीन दिवस पिल्लू कवच फोडायच्या तयारीत असतं. तेव्हा झाकण उघडलं की ओल निघून जाते, कवचाच्या आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि ते आतल्या आत मरतं. कोणाच्या तरी उतावळेपणाने मेलेली अशी पिल्लं मी पाहिलीत. म्हणून माझा स्वभाव असा झालाय.

एनॉक सिल्की जातीच्या कोंबड्या पाळायचा. पिसं कसली, नुसता पिंजलेला कापूस. डोक्यावर गोंडा, कातडी काळी, पायाला पाच बोटं. लोक बघून वेडे होतात. मला विचाराल तर ते सगळं झिपऱ्यांचं गाठोडं आहे, अक्कल शून्य. पण या बायांना एक खोड आहे, आणि त्या खोडीपायी मी आयुष्यभर त्यांच्यावर जळत आले. त्या खुडुक बसतात, म्हणजे उबवायला ठाण मांडतात. अंडं दिसलं की बसल्या. अंडं नसलं तर बटाट्यावर बसतील, गोट्यावर बसतील. वीज नको, वाटी नको, पारा नको. एनॉक कौतुकाने म्हणायचा की पेटीपेक्षा बाई बरी. माझ्यासमोर म्हणायचा.

पण वर्षाला शंभर पिल्लं मीच काढली, हे कोणी बोलायचं नाही.

एनॉक गेला आणि त्याच्या दोन मुलींमध्ये जमीन अर्धी अर्धी झाली. थोरली हेस्टर, धाकटी मॉड. दोघींनी लग्नं केली नाहीत, कारण कोंबड्यांवरून भांडायला दिवस पुरत नव्हता. पांढऱ्या कोंबड्या हेस्टरकडे आल्या, काळ्या मॉडकडे गेल्या. कुंपण बरोबर या शेडला येऊन टेकलं. शेड सामाईक राहिली. हेस्टरच्या बाजूला एक दार, मॉडच्या बाजूला एक, आणि मधे आंघोळीचा टब.

हो, आंघोळीचा. जत्रेतल्या प्रदर्शनाआधी सिल्कीला न्हाऊ घालतात. पांढरी कोंबडी मातीत लोळून पिवळट होते, म्हणून शेवटच्या पाण्यात नीळ टाकतात. टबभर पाण्याला एकच चमचा. पाणी जेमतेम निळसर दिसतं, पण तेवढ्याने कोंबडी चांदीसारखी निघते.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. हेस्टरचा बिशप नावाचा कोंबडा त्या वर्षी पहिला येणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. हेस्टरने टबात एक चमचा नीळ टाकली आणि टॉवेल आणायला घरात गेली. तेवढ्यात मॉड आपल्या दाराने आत आली. तिने पाण्यात वाकून पाहिलं, जिभेने च् च् केलं, आणि आणखी एक चमचा टाकून निघून गेली. मी हे डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे काचेतून. पण मला तोंड कुठाय?

बिशप वाळल्यावर आकाशासारखा निळा झाला. तरी हेस्टर त्याला घेऊन गेली, कारण ती पेंगेली आहे, मागे फिरणं तिला माहीत नाही. प्रदर्शनाच्या तंबूत एका पोराने विचारलं की हा पोपट आहे का. परीक्षकाने पिंजऱ्यावर लाल चिठ्ठी लावून कोंबडा बाद केला. हेस्टरने तिथेच, चहा-फराळाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या साऱ्या गावासमोर, मॉडकडे बोट दाखवलं. म्हणाली, जळकुकडी आहेस, मुद्दाम केलंस. मॉड म्हणाली, मी निळीला हातसुद्धा लावला नाही.

त्याच संध्याकाळी मॉडने पलीकडून आपल्या दाराला फळ्या मारल्या. खिळा ठोकला की माझी काच थरथरायची. अकरा खिळे मोजले मी. त्यानंतर अकरा वर्षं दोघी बहिणी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मी हेस्टरच्या वाट्याला आले. तिने माझी काय बडदास्त ठेवली ते ऐका. माझी तार तीन वर्षं कुरकुरत होती. कधी तापायची, कधी रुसायची. हेस्टर तिला चिकटपट्टी गुंडाळायची आणि म्हणायची, यंदा धकेल. तारेचं दुखणं चिकटपट्टीने जात नाही, मित्रांनो. पण पेटीचं ऐकतो कोण?

या वर्षी सप्टेंबरात कोल्हा आला. जाळीखालून माती उकरून आत शिरला आणि हेस्टरच्या साऱ्या पांढऱ्या कोंबड्या आणि एकुलता एक कोंबडा संपवून गेला. सकाळी हेस्टर अंगणात पिसं गोळा करत फिरत होती. रडली नाही. कोल्ह्याला मात्र अशा शिव्या घातल्या की मला माझ्या भुशात लाज वाटली.

स्वयंपाकघरातल्या वाडग्यात त्या आठवड्याची नऊ अंडी होती. एनॉकच्या पांढऱ्या वंशाचं जगात तेवढंच उरलं होतं. ती माझ्यात ठेवली. सातव्या दिवशी हेस्टरने एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहिलं. तीन पोकळ निघाली, सहांमध्ये लाल शिरांचं जाळं दिसलं. ती खुर्चीवर बसली आणि माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, “आता तूच गं बाई.” पन्नास वर्षांत मला कोणी बाई म्हणालं नव्हतं. मी जीव तोडून तापले.

एकोणिसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, माझी तार जळाली.

गावातलं विजेचं दुकान बाराला बंद झालेलं, सोमवारी सुट्टी. हेस्टरने नाइलाजाने बापाचं अक्षर डोळ्यांआड केलं, झाकण उचललं आणि आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. अंड्यांना साडेसदतीस अंश लागतात, पारा चाळिसावर गेला. बाटल्या काढल्या तर तिसावर उतरला. पुन्हा ठेवल्या, पुन्हा काढल्या. प्रत्येक वेळी झाकण उघडायचं आणि माझी ओल उडून जायची. मला ओरडावंसं वाटत होतं.

शेवटी तिने सहाही अंडी लोकरीच्या टोपीत घेतली, टोपी स्वेटरखाली पोटाशी धरली आणि खिळे ठोकलेल्या दाराशी जाऊन उभी राहिली. पलीकडे मॉडचं खुराडं आहे. त्या वेळी मॉड तिथेच असते.  तिने दार ठोठावलं.

“मॉड.”

पलीकडून आवाज आला, “कोण मेलं?”

“कोणी नाही. अजून तरी नाही.”

हेस्टरने तार जळाल्याचं सांगितलं. सहा अंडी आहेत, एकोणिसावा दिवस आहे, तुझी एखादी खुडुक बसलीय का, असं विचारलं. विनवणी नव्हती ती, पोलिसाने जबाब घ्यावा तसा सूर होता. मॉड म्हणाली की तीन बसल्यात, त्यातली एक तर दाराच्या निखळून पडलेल्या मुठीवर बसलीय.

“मग तिला दे की.”

“देते. आधी म्हण, बिशपला मी निळा केला नाही.”

हेस्टरची मान लाल झाली. “तूच केलास.”

“मग ठेव तुझी अंडी तुझ्यापाशी.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या दोघींना बघून कळतं. इकडे अंडी गार होत होती आणि दोन म्हाताऱ्या एका फळीच्या दोन बाजूंनी तोंडं फुगवून उभ्या होत्या. मी कोंबड्यांचा जन्मभर दुस्वास केलेली पेटी. पण त्या घडीला मी मनात त्या बिनअकलेच्या, मुठीवर बसलेल्या गाठोड्याला हाका मारत होते. ये गं बये, ये. माझ्याच्याने होत नाही.

तेवढ्यात हेस्टरच्या स्वेटरखालून आवाज आला. अगदी बारीक. कवचाच्या आतलं पिल्लू बोलायला लागलं होतं.

हेस्टरने डोळे मिटले. “तू नाही केलंस,” ती म्हणाली.

“मोठ्याने म्हण.”

“तू नाही केलंस. आता दार उघड, सटवे.”

पलीकडे पावलं लांब गेली. मला वाटलं, गेली ती. मग पहारीचा आवाज आला आणि अकरा वर्षं गंजलेले खिळे एकेक करून किंचाळत निघाले. दार उघडलं. काखेत काळी कोंबडी घेऊन मॉड उभी होती. दोघींनी एकमेकींचे पांढरे केस पहिल्यांदाच जवळून पाहिले.

मॉडने अंड्यांसाठी हात पुढे केला नाही. ती जमिनीकडे बघून म्हणाली, “एक चमचा मी टाकला होता. पाणी फिकं दिसलं. वाटलं, तू विसरलीस.”

“मग तंबूत का नाही बोललीस?”

“तू ‘मुद्दाम’ म्हणालीस. सगळ्यांसमोर.”

 ‘तू नाही केलंस’ हे आपण खोटंच बोललो, पण मॉडने मुद्दाम केलं नव्हतं म्हणजे ते जवळजवळ खरंच होतं, हे हेस्टरला कळलं असावं. पण ती पेंगेली. “हात पुढे कर,” ती म्हणाली. “अंडी गार होतायत.”

कोंबडीला माझ्या शेजारच्या टोपलीत बसवलं. तिने सहाही अंडी पोटाखाली ओढली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भंगार आहे. तिसऱ्या दिवशी पाच पिल्लं निघाली. सहावं फुटलं नाही. ते माझ्या तारेमुळे गेलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

दोघींचं गूळपीठ झालं असेल, असं समजू नका. पिल्लं कोणाची यावरून रोज तोंडं वाजतात. एक म्हणते अंडी माझी, दुसरी म्हणते कोंबडी माझी. पण दार उघडं असतं, आणि भांडायला मॉड आपल्या दाराने येते.

माझी तार अजून कोणी बदललेली नाही. माझ्यात आता टॉवेल ठेवतात. तेव्हा मित्रांनो, कुरकुरणारी तार वेळेवर बदला, ती जळायची वाट बघू नका. आणि झाकण तीन दिवस बंद ठेवायचं असतं. तीन दिवस, अकरा वर्षं नव्हे.

काल पिल्लांची पहिली आंघोळ ठरली. मॉडने टबाशी जायच्या आधी माझ्या झाकणावर, बापाच्या अक्षराच्या बरोबर खाली, पेन्सिलीने लिहिलं : ‘नीळ एकच चमचा.’ हेस्टरने तिच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली, ते वाचलं, आणि पुढे एक शब्द जोडला : ‘विचारून.’