काहिलीच्या कडीला हार

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे गुऱ्हाळातली अवाढव्य गोल कढई. माझ्यात उसाचा रस उकळतो आणि त्याचा गूळ होतो. आज मात्र मला शाळेच्या भिंतीला पालथी टेकवून, कडीला दोरी बांधून ठेवलं आहे. शाळेत कढई कशाला म्हणून पाहुणे हसतात. हसू नका. आधी ऐका.

पंचगंगेच्या काठी आमचं गाव. तिथं चमनचाचांनी मला घडवलं. जाड लोखंडी पत्रे जोडताना हातोड्याचा घाव घालत ते म्हणायचे, "थेंब गळला तर माझं नाव बदला." पुढं कितीतरी हंगाम मी चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीवर, बसले. गूळ करणारा पिराजी गुळव्या कडेला उभा राहून रसावरची मळी काढायचा, पोरं गरम गूळ बोटानं चाटायची. तेवढंच माझं सुख. मग सगळा ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळ बंद पडलं, आणि मी उकिरड्याशेजारी गेले. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या.

मग दोन हजार पाच साल आलं. खाली नृसिंहवाडीला दत्ताच्या पादुकांवरून पाणी वाहिलं आणि देवळाच्या दक्षिण दारानं बाहेर पडलं. आमच्याकडं त्याला पूर म्हणत नाहीत, दक्षिणद्वार म्हणतात. मोठं पुण्य! अर्धं गाव हात जोडून स्नानाला गेलं. कुणी जनावरं सोडली नाहीत, कुणी धान्य हलवलं नाही. चूक आमचीही होती, ती मी झाकणार नाही. पण धरणाचं पाणी सोडणाऱ्यांनी दवंडी तरी द्यायची होती! दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बौद्धवाड्यात शिरलं. तो भाग गावात सगळ्यात खोलगट. उंचावरची जागा त्या लोकांना कधी कुणी दिली होती?

तिथल्या नागसेननं म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकावरच्या शाळेत पोचवलं. त्याची आई आक्काताई शेळी सोडायला मागं राहिली आणि अडकली. मातीच्या भिंतींवरच्या पत्र्यावर चढून ती हाका मारत होती. मधे अशी धार, की पट्टीचा पोहणाराही वाहून जावा.

नागसेन आणि पिराजीनं मला ओढत पाण्यापर्यंत आणलं. तेवढ्यात सरपंच बाळासो पंचायतीतून पळत आला.

"काहील घालू नगासा! तालुक्याचा फोन आलाय. बोट निघालीया."

"कवा पोचंल?" नागसेननं विचारलं.

"निघालीया म्हटलं की! काहील पलटी झाली तर जबाबदारी तुमची, असं सायेब म्हणालेत."

पिराजी चिडला. "रसाला उकळी कवा फुटती ते मला कळतंय. सायबाच्या शब्दाला कवा फुटती, तेवढं सांग की बाळासो."

पण शब्द सरकारचा होता. ते थांबले. मी अर्धी चिखलात, अर्धी पाण्यात. पलीकडून हाक यायची, "नागू, ये रं! भित हालाय लागली!" नागसेन ओरडायचा, "आलो आये, बोट येतीया!" पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. बाळासो फोनकडं पळायचा आणि तोंड पाडून परत यायचा. निघालीया.

मग हाक बारीक झाली. नागसेननं बाळासोला बाजूला ढकललं आणि माझ्यात उडी घेतली. मागोमाग पिराजीही चढला आणि त्यानं बांबू रोवला. नाव सरळ जाते. मी गोल, मी गरगर फिरत राहिले. त्या दिवशी माझ्या गोलाईला मीच शिव्या घातल्या. आम्ही पोचलो तेव्हा भिंत बसली होती आणि पत्रा पाण्यावर तरंगत होता. पत्र्यावर कुणी नव्हतं. शेळी तेवढी बाभळीत अडकून जिवंत होती.

नागसेन रडला नाही. शेळीला त्यानं आत घेतलं. शेजारच्या छपरांवरची बायकापोरं माझ्यात तोल साधून समोरासमोर बसवली आणि सांज होईपर्यंत फेऱ्या मारल्या. चमनचाचांचं नाव राहिलं. थेंब गळला नाही.

पूर ओसरला आणि बोट आली. ट्रकवरून, कोरड्या रस्त्यानं! इंजिनावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. सोबत मांडव, माईक आणि तालुक्या-जिल्ह्याचे साहेब. साहेबांनी माझ्यापुढं नारळ फोडला आणि माझ्या कडीला झेंडूचा हार घातला. "काहिलीतून माणसं वाचवली! ह्या गावाचा आदर्श घ्या," म्हणाले. टाळ्या पडल्या. नागसेनला बोलायला उभं केलं.

"सायेब, बोट कुठं हुती?"

साहेबांनी शेजारच्या साहेबांकडं बोट दाखवलं. त्यांनी जिल्ह्याकडं दाखवलं. जिल्ह्याचे होते त्यांनी मुंबईकडं, डिझेलची मंजुरी तिकडून येते म्हणे.

"आमी बोट मागितलीती," नागसेन म्हणाला. "तुमी बोटं दाखवाय आलाय व्हय?"

त्यानं माझा हार उतरवला आणि आईच्या शेळीपुढं टाकला. शेळीनं तो सगळ्यांदेखत खाल्ला.

मित्रांनो, ती बोट आजही तालुक्याच्या शेडात कुलपात आहे. मला मात्र दर मृगाला नागसेन डांबर लावतो, दोरी बदलतो. मला जपा असं मी तुम्हाला सांगणार नाही. कढईची नाव करावी लागते ही गावाची शोभा कसली? ती राज्य करणाऱ्यांची लाज आहे. उद्या खुर्चीवर बसाल, तेव्हा 'निघालीया' म्हणण्याआधी बोट पाण्यात उतरली का ते डोळ्यांनी बघा. आणि खुर्ची नाहीच मिळाली, तर खुर्चीवरल्याची गचांडी धरून विचारा. पाऊस लागायच्या आधी विचारा.

मला चुलवाणावर परत जायचं आहे. पण नदीचं पाणी चढू लागलं, की नागसेन माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. मला माहीत आहे त्याला काय ऐकू येतं. त्याचं स्वतःचंच उत्तर.

"आलो आये, बोट येतीया!"